घरातला समुद्र

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत साधारण 650 लिटर पाणी मावते. काच, खडक, वाळू, स्टँड आणि खालची गाळण-टाकी धरली तर वजन एक टनाच्या घरात जाते. म्हणून प्रवाळांची मोठी टाकी मांडण्याआधी मासेवाल्याला नव्हे, तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठावे.

पाणी नळाचे चालत नाही. आरओ आणि डीआय (पाण्यातले आयन काढणाऱ्या) गाळणीतून काढलेल्या पाण्यात खास सागरी मीठ, लिटरला सुमारे 35 ग्रॅम, विरघळवावे लागते. स्वयंपाकाचे मीठ इथे निरुपयोगी, कारण प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम हवे असते.

खरी परीक्षा संयमाची. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये बदलतात. हे जिवाणू खडकांवर रुजायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामीच बरी! घाईने सोडलेले मासे हकनाक मरतात.

तापमान 25-26 अंशांवर ठेवायचे, तर आपल्या उन्हाळ्यात चिलर अटळ. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या पेशींतली शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. वीज गेल्यावर प्रवाह थांबून प्राणवायू घटतो, तेव्हा पंपाला बॅटरी हवीच.

भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलून आणू नका.