ठिपक्यांचा भोपळा

परवा घारग्यांसाठी लाल भोपळा किसत बसले होते. सुट्टीला आलेली भाची समोरच मोबाइलमध्ये डोकं घालून. एकदम म्हणाली, ‘‘मावशी, तुझ्या भोपळ्याचा थोरला भाऊ बघ!’’

पाहते तर काय, समुद्रात शिरलेल्या धक्क्याच्या टोकाला पिवळाधम्मक भोपळा! चांगला पुरुषभर उंच. अंगभर काळे ठिपके, काही टपोरे, काही मोहरीएवढे.

‘‘कसली जाहिरात गं ही?’’

‘‘जाहिरात नाही, कला आहे. यायोई कुसामा म्हणून जपानी चित्रकर्ती आहे, तिची.’’

भाची चित्रकलेच्या कॉलेजात जाते. तिनं मला पॉप आर्ट समजावून सांगितलं. १९६०च्या आसपास अमेरिकेत दुकानातल्या, घरातल्या साध्यासुध्या वस्तू चित्रांत आल्या. अँडी वॉरहॉलनं तर सूपचे डबेच रंगवले. कुसामा त्याच काळात, त्याच मंडळींच्या बरोबरीनं न्यूयॉर्कमध्ये काम करत होत्या. त्यांची खूण म्हणजे ठिपका, आणि पुढे भोपळा.

मी म्हटलं, ‘‘जन्मभर तेच ते काढायचं? कंटाळा नाही येत?’’ ‘‘तिच्याबद्दल वाच, मग विचार,’’ भाची म्हणाली. वाचलं, आणि माझा प्रश्न मलाच बावळट वाटायला लागला.

कुसामांचा जन्म १९२९चा, जपानमधल्या मात्सुमोतो या डोंगराळ भागातल्या गावातला. घरचा रोपवाटिकेचा आणि बियाण्यांचा व्यवसाय. लहानपणी ही मुलगी एकदा टेबलावरच्या कापडाची लाल फुलं बघत होती. मान वर केली तर तीच फुलं छतावर, खिडक्यांवर, स्वतःच्या अंगावर! आपण त्यात विरून जाणार, या भीतीनं ती पळत सुटली. असे भास तिला वारंवार होत. आजोबांबरोबर मळ्यात गेली असताना दिसलेला भोपळा तर तिच्याशी बोलायलाच लागला. भीती वाटली की ती जे दिसलं ते कागदावर उतरवून काढायची. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. चांगल्या घरची मुलगी, लग्न करून संसाराला लागावी, चित्रं कसली काढते? आई तिची चित्रं हिसकावून फाडून टाकायची.

भोपळ्याचा मात्र तिला आधार वाटायचा. बेढब, साधा, पोट सुटलेला, पण समाधानी. युद्धाच्या काळात घरात भोपळ्यांचा साठा असायचा, खाऊन खाऊन वीट यावा इतका. तरी माया आटली नाही. पुढे क्योतोला शिकताना ती एकेका भोपळ्यासमोर दिवसेंदिवस बसून चित्र काढायची. आपल्याकडे भोपळा म्हटलं की परीक्षेतलं शून्य. हिनं त्यातच आपलं सगळं जग शोधलं!

१९५७मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या. आईनं पैसे दिले, पण पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस, असंही बजावलं. सामानात साठेक किमोनो, चित्रांचा गठ्ठा आणि कपड्यांच्या अस्तरात शिवलेले डॉलर. न्यूयॉर्कमध्ये उपासमार झाली, थंडीनं झोप लागत नसे, की उठून रंगवत बसायचं. १९६३च्या प्रदर्शनात त्यांनी एका होडीच्या फोटोच्या ९९९ प्रती भिंतींवर-छतावर चिकटवल्या. १९६६मध्ये वॉरहॉलनं गायीच्या तोंडांच्या कागदानं भिंती मढवल्या, तेव्हा ती कल्पना आपलीच होती, असं कुसामांचं म्हणणं. गाजावाजा मात्र त्याचा झाला.

त्याच वर्षी व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात रीतसर आमंत्रण नसताना त्यांनी हिरवळीवर दीड हजार चकचकीत गोळे मांडले आणि दोन-दोन डॉलरला विकायला सुरुवात केली. आयोजकांनी विक्री बंद पाडली. १९९३मध्ये त्याच व्हेनिसला त्या जपानच्या अधिकृत प्रतिनिधी म्हणून गेल्या, तेव्हा सोबत होती आरशांची खोली, भोपळ्यांनी भरलेली! आणि २०१४मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात एकाहत्तर लाख डॉलरला विकलं गेलं.

पण माझं मन अडकलं ते मधल्या वर्षांत. १९७३मध्ये तब्येत ढासळली म्हणून त्या जपानला परतल्या. १९७७पासून स्वतःच्या मर्जीनं टोकियोतल्या मनोरुग्णालयात राहायला लागल्या. जवळच स्टुडिओ घेतला. दिवसभर काम करायचं, संध्याकाळी रुग्णालयात परतायचं, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षं पाळला. आणि कधी लपवलं नाही! चित्रकला नसती तर मी केव्हाच जीव दिला असता, असं त्यांनी जाहीर सांगितलं आहे.

मैत्रिणींनो, हे वाचताना माझा हात थांबला. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला काहीच नको वाटायचं. बाळ रडलं तरी उठावंसं वाटत नसे. शेवटी यांनी मला तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. वर्षभर गोळ्या घेतल्या आणि बरीही झाले. पण त्या गोळ्या मी तूरडाळीच्या डब्यात लपवायची. सासूबाईंनी विचारलं, तर ‘थायरॉइडच्या’ म्हणायची. ‘डोक्याचं औषध’ म्हटलं असतं, तर लोकांनी मलाही भोपळाच दिला असता ना!

त्या दिवशी घारगे तळता तळता भाचीला हे पहिल्यांदा सांगितलं. ती काही बोलली नाही. मग मोबाइल पुढे केला. ‘‘हा समुद्रकाठचा भोपळा आहे ना, नाओशिमा बेटावरचा, १९९४चा. २०२१च्या ऑगस्टमध्ये वादळात लाटांनी ओढून नेला आणि फुटला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा, जास्त भक्कम करून परत त्याच जागी बसवला.’’

मी झारा हातात धरून बघत राहिले.

‘‘मावशी, आईला माहितीये तुझं हे?’’ तिनं हळूच विचारलं.

नाही. सख्ख्या बहिणीला, ताईलाही मी सोळा वर्षं थायरॉइडच सांगितलं होतं. आता हा लेख ती वाचणारच. त्याआधी आज दुपारी तिला फोन करणार आहे.