बाळाचं पहिलं खाणं : हैदराबादची चौकट

केव्हा : ६ महिने पूर्ण झाल्यावर. अंगावरचं दूध २ वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू. उष्टावण परंपरेने मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम. पाचव्यात झालं, तरी रोजचं भरवणं सहानंतरच.

किती : आरंभी २-३ चमचे. ६ ते ८ महिने दिवसातून २-३ वेळा, पुढे ३-४ वेळा.

कसं : चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट. वरणाचं नुसतं पाणी अपुरं. डाळ घोटून घालावी. तेलुगू घरांत तांदूळ-डाळीच्या भरडीचं ‘उग्गु’.

टाळा : वर्षाआधी मध, २ वर्षांआधी वरून साखर.

राष्ट्रीय पोषण संस्था, तारनाका : १९१८ मध्ये कुन्नूरला सुरुवात, १९५८ मध्ये हैदराबादेत. ताजी आहार-मार्गदर्शिका २०२४ ची.

बालामृतम् : तेलंगणातल्या अंगणवाड्यांचं पीठ. गहू, हरभरा डाळ, दूध पावडर, तेल आणि (हो) साखरही.