गोल्फचे मैदान कोठे आखावे?
निवृत्तांच्या वसाहतीमागचा हिशेब

अमेरिकेत निवृत्त लोकांसाठी वेगळ्या वसाहती उभारणे हा मोठा धंदा आहे. त्याला खरी गती दिली ॲरिझोना राज्यातील सन सिटीने. १ जानेवारी १९६० रोजी ती खुली झाली तेव्हा बिल्डर डेल वेब यांनी गोल्फचे मैदान, दुकाने व करमणूक केंद्र अगोदरच तयार ठेवले होते. ग्राहकाला कागदावरचा नकाशा नव्हे, तर प्रत्यक्ष हिरवळ दाखवायची, हे त्यांचे धोरण होते.

आज या धंद्याचे ठळक उदाहरण म्हणजे फ्लोरिडातील 'द व्हिलेजेस' ही वसाहत. तिचा मोठा भाग समटर जिल्ह्यात येतो. या जिल्ह्याची लोकसंख्या २०१० मध्ये सुमारे ९३ हजार होती, ती २०२० मध्ये सुमारे १ लाख ३० हजार झाली. वसाहतीत लहानमोठी ५० हून अधिक मैदाने आहेत. ती दक्षिणेकडे वाढत गेली, तसा पुढचे मैदान कोठे, हा प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागला. त्याचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते.

जमिनीचा भाव : १८ होलच्या पूर्ण मैदानाला साधारण १५० एकर जागा लागते. तेवढ्या जागेत शेकडो घरे बसली असती. परंतु मैदानाकडे तोंड असलेल्या प्लॉटला जादा भाव येतो. म्हणून मैदान एकाच चौकोनात न ठेवता लांब पट्ट्यांनी घरांच्या रांगांमधून फिरवतात. कडा जितकी लांब, तितके महाग प्लॉट अधिक. मात्र पट्टा फार अरुंद केला तर चेंडू लोकांच्या खिडक्यांवर येतात.

अंतर : येथील रहिवासी बाजारहाटालाही लहान गोल्फ कार्ट वापरतात. तिचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. म्हणून ९ होलची छोटी मैदाने वस्त्यावस्त्यांत विखुरलेली आहेत. मोठी मैदाने क्लबला जोडून, मोजक्याच ठिकाणी. हमरस्ता आडवा आला तर कार्टसाठी पूल किंवा भुयारी मार्ग बांधावा लागतो.

पाणी : फ्लोरिडात उन्हाळी पाऊस जोराचा. सखल जागी घर बांधणे धोक्याचे, पण तेथे तळी खोदून मैदान करता येते. खोदलेली माती घरांच्या जागेची भर घालते, साठलेले पाणी आणि शुद्ध केलेले सांडपाणी हिरवळीला मिळते. मात्र जमिनीखाली चुनखडीचा दगड असल्याने ती खचण्याची भीती राहते. त्यामुळे तळ्यांना अस्तर घालावे लागते.

खरा प्रश्न पुढे येतो. प्लॉट विकून बिल्डर एकदा नफा घेतो, पण गवत कापणे व पाणी देणे कायमचे. 'द व्हिलेजेस'मध्ये छोट्या मैदानांवर रहिवाशांना खेळण्याचे वेगळे शुल्क नाही, कारण तो खर्च त्यांच्या मासिक वर्गणीतून निघतो. म्हणजे न खेळणाराही पैसे भरतो. जेथे अशी सोय नाही, तेथे खेळाडू घटले की मैदान तोट्यात जाते. अमेरिकेत २००६ पासून अनेक वर्षे नव्या मैदानांपेक्षा बंद पडलेली मैदाने जास्त होती. हिरवळ गेली की तिच्याकडे तोंड असलेल्या घराचा जादा भावही जातो, आणि निवृत्त माणसाला तो तोटा भरून काढायला पुन्हा कमाईची वर्षे मिळत नाहीत.

तेव्हा मोकळ्या जागेसाठी जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकाने दोनच गोष्टी कागदावर पाहाव्यात : ती जागा कोणाच्या मालकीची आहे, आणि वीस वर्षांनी तिचा खर्च कोण देणार आहे.