माफीनामा कशासाठी?

मध्यंतरी एक तरुण कार्यकर्ता आमच्याकडे आला. पोलीस ठाण्याची लेखी नोटीस नव्हती, नुसता निरोप होता : 'उद्या येऊन माफीनामा लिहून दे.' त्याचा गुन्हा काय? वस्तीतील सात कुटुंबांचे रमाई आवास योजनेचे हप्ते थकले होते. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांची यादी टाकली, शासनाला जाब विचारला आणि शेवटी रागाच्या भरात लिहिले, 'साहेब पैसे खातात.' घरी आई रडत होती. "पोरा, आपल्याला कोर्टकचेरी परवडायची नाही, लिहून दे," म्हणत होती. त्याने विचारले, "वकीलसाहेब, देऊ का लिहून?"

हा प्रश्न त्या एकट्या पोराचा नाही. मोर्चा काढणाऱ्या, निवेदन देणाऱ्या, वर्तमानपत्रात दोन ओळी लिहिणाऱ्या आमच्या प्रत्येक बांधवासमोर तो कधी ना कधी उभा राहतो. म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे जाहीरपणे देत आहोत.

पहिली गोष्ट ही की, सरकारवर प्रेम करण्याची सक्ती या देशात नाही. ती इंग्रजांच्या राज्यात होती. १८९७ साली टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे राजावर प्रेम नसणे हाच गुन्हा! घटना समितीपुढे आलेल्या मसुद्यातही भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालण्याच्या कारणांत 'राजद्रोह' हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीने तो गळाला. त्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. धर्मात भक्ती चालेल, पण राजकारणातील भक्ती देशाला हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला. नुसता इशारा देऊन ते थांबले नाहीत. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर कायदेमंत्रिपद सोडताना त्यांनी स्वतःच्याच सरकारचे वाभाडे काढले. सरकारवर टीका म्हणजे देशद्रोह म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तरीही भारतीय दंड विधानातील राजद्रोहाचे १२४-अ हे कलम स्वातंत्र्यानंतरही राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी त्याला लगाम घातला. शब्द कितीही कडक असोत, त्यांत हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडविण्याची प्रवृत्ती नसेल तर तो राजद्रोह नव्हे. मे २०२२ मध्ये न्यायालयाने या कलमाचा वापर थांबविला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातील कलम १५२ मध्ये 'शासनाविषयी अप्रीती' हे शब्द नाहीत. पण देशाची एकता धोक्यात आणण्याची भाषा इतकी ऐसपैस आहे की, ती कोठपर्यंत ताणता येईल हे ताणणाऱ्यावर अवलंबून! कायदेशीर मार्गाने बदल घडवून आणण्यासाठी शासनाच्या कृतीवर नापसंती व्यक्त करण्याचा उल्लेख त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. आमच्या कार्यकर्त्यांनी तो पाठ करून ठेवावा.

दुसरी गोष्ट बदनामीची. सामान्य माणसाला खरी भीती दाखविली जाते ती हिचीच. संहितेचे कलम ३५६ म्हणजे पूर्वीचे ४९९ आणि ५००. त्याला अपवाद आहेत. लोकसेवकाच्या सरकारी कामातील वर्तनावर सद्भावाने मत देणे हा गुन्हा नाही. त्याच्या वरिष्ठाकडे सद्भावाने तक्रार करणे हाही गुन्हा नाही. १९९४ मध्ये 'नक्कीरन' या तमिळ नियतकालिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकार वा स्थानिक संस्थेला आपल्या बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावाच लावता येत नाही.

पण बांधवहो, सद्भाव म्हणजे नुसते स्वच्छ मन नव्हे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे योग्य ती दक्षता घेतल्याशिवाय केलेली गोष्ट सद्भावाची ठरत नाही. 'सात घरांचे हप्ते थकले, कारभार नालायक आहे' हे वस्तुस्थितीवर आधारलेले मत झाले. 'साहेब पैसे खातात' हा आरोप झाला. त्याला पुरावा लागतो. पोराजवळ यादी होती, पण पैसे खाल्ल्याचा पुरावा नव्हता.

तिसरी गोष्ट सर्वांत कडू. हे संरक्षण पुस्तकात आहे, पण ते हाती येते उशिरा. कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाने ३७० कलम रद्द केल्याचा निषेध व्हॉट्सअ‍ॅपवर केला. गुन्हा नोंदला गेला, उच्च न्यायालयाने दिलासा नाकारला. शेवटी ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला आणि शासनाच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, हे पोलिसांना शिकविण्याची वेळ आली आहे, असे सुनावले. पण दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत आमच्यातील कितीजणांची आहे?

म्हणून लढाई पहिल्या दिवशी, ठाण्याच्या दारातच लढली पाहिजे. कोणत्या कलमाखाली बोलावले, हे विचारा. लेखी नोटीस मागा. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे. भाषणाच्या प्रकरणांत पोलिसांनी ती वापरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या खटल्यात सांगितले आहे.

आम्ही त्या तरुणाबरोबर ठाण्यात गेलो आणि कलम विचारले. कलम कोणालाच सांगता येईना. माफीनामा लिहिला गेला नाही. मात्र पैसे खाण्याचे ते एक वाक्य आम्ही त्याला स्वतःहून मागे घ्यायला लावले. बाकीचे एक अक्षरही नाही. त्याच दिवशी हप्त्यांचा हिशेब मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज त्याने पंचायत समितीत दिला. हप्ते अजून सगळ्यांना मिळालेले नाहीत. पण ती यादी जागेवर आहे, आणि त्या अर्जाखाली सही करायला या वेळी त्याची आईही आली होती.

बोलायचे आहे, बांधवहो, आणि पुराव्यानिशी बोलायचे आहे. माफी मागायची ती चुकीची. हक्काची नव्हे!