बाळाची पहिली भाजी

उष्टावण झाले, खिरीचे बोट बाळाच्या जिभेला लागले, की दुसऱ्याच दिवशी घरात विचारणा सुरू होते : आता भाजी कोणती द्यायची? मुळगावात याचे उत्तर बहुधा परसातच असते. भोपळा, दुधी, रताळे आणि अर्थातच तांबडी भाजी. बाजारातल्या डब्यापेक्षा ही ताजी भाजी केव्हाही सरस, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : बाळाचे वय आणि भाजी शिजवल्यानंतर गेलेला वेळ.

पालेभाज्या, बीट, गाजर यांत नायट्रेट निसर्गतःच असते. माठाच्या जातीच्या भाज्या ते विशेष साठवतात. नायट्रेट स्वतः फारसे उपद्रवी नाही. जंतूंमुळे त्याचे नायट्राइट झाले, की ते रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते आणि असे रक्त प्राणवायू पोचवू शकत नाही. हा बदल पुन्हा उलटवणारे विकर पहिल्या काही महिन्यांच्या अर्भकात अपुरे असते. शिवाय जठरातील आम्ल कमी असल्याने जंतूंना वाव मिळतो. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधामुळे निळी पडलेली बाळे नोंदवली. पुढे युरोपात पालकाच्या शिजवून ठेवलेल्या लगद्यानेही असेच घडल्याचे दिसले. अशा घरगुती भाज्या तीन महिन्यांपूर्वी टाळाव्यात, असे अमेरिकी बालरोग अकादमीने २००५ मध्ये सुचवले. आपण सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ स्तनपान हा नियम पाळला, तर हा धोका बहुतांशी मागे पडतो. ‘बाळ ताटाकडे टक लावून बघते’ म्हणून चौथ्या महिन्यात भाजीचे पाणी पाजू नये. त्या पाण्यात पोषण थोडे, नायट्रेट मात्र उतरलेले असते.

दुसरी गोष्ट वेळेची. शिजवलेली पालेभाजी आपल्या दमट हवेत उघड्यावर राहिली, की तिच्यात जंतू वाढतात आणि नायट्राइटही. कालची कढी आपल्याला प्रिय असेल. बाळाला कालची भाजी नको. लागेल तेवढीच शिजवावी. फ्रिजमध्ये ठेवलीच तर चोवीस तासांत संपवावी, आणि पावसाळ्यात तासन्‌तास वीज गेल्यावर त्या फ्रिजवर भरवसा ठेवू नये. विहिरीचे पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही.

सुरुवात भोपळ्याने किंवा दुधीने करावी. मऊ शिजवून चमच्याने कुस्करावे, वर थोडे खोबरेल किंवा तूप. लगदा चमच्यावर टिकेल इतका दाट हवा. नवी भाजी दोन-तीन दिवस एकटीच द्यावी. वर्षापर्यंत मीठ-साखर नको. कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खे वाटाणे नकोत, ते घशात अडकतात. बाळाने थुंकली म्हणून भाजी बाद करू नये, आठ-दहा वेळा तरी पुन्हा द्यावी. आणि नुसत्या भाजीने लोह पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात मांस, मासे किंवा अंडे रोज असावे असे म्हटले आहे. शाकाहारी घरांत मुगाचे वरण आणि वर लिंबू पिळावे.

डॉक्टर बंधुभगिनींसाठी एवढेच : लहान बाळ निळसर दिसते, ऑक्सिजन देऊनही फरक नाही, पल्स ऑक्सिमीटर पंच्याऐंशीच्या आसपास घुटमळतो आणि काढलेले रक्त चॉकलेटी दिसते, तेव्हा हृदयरोगाबरोबर काल काय भरवले हेही विचारावे. मिथिलीन ब्लू देण्यापूर्वी जी-सिक्स-पीडी कमतरतेची चौकशी करावी.