टिंडलच्या घळीत
पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची, ही हिवाळ्यात डोंगरात जाणाऱ्यांची पहिली सवय. पाणी वरून गोठत येतं. बाटली सुलटी असली की बर्फ तोंडाशीच धरतो आणि झाकण फिरत नाही. उलटी असली की तो बुडाकडे जमतो, तोंड मोकळं राहतं. संक्रांतीनंतरच्या शनिवारी पहाटे मी दोन बाटल्या भरून उलट्या खोचल्या, डब्यात गुळाच्या पोळ्या घेतल्या आणि आम्ही दोघं डेन्व्हरहून निघालो. जायचं होतं रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या एमराल्ड लेकला.

डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर वसलेलं शहर. तिथून एस्टेस पार्क गाव शंभरेक किलोमीटर, आणि पुढे वळणावळणांनी चढत गाडी बेअर लेकला पोचते तेव्हा उंची ९,४७५ फूट झालेली असते. पार्क १९१५ सालचा. त्यातला सर्वांत उंच रस्ता, १२,१८३ फुटांवरून जाणारा ट्रेल रिज रोड, हिवाळाभर बंद असतो. बेअर लेकचा रस्ता मात्र बर्फ काढून उघडा ठेवतात. म्हणून थंडीत सगळ्यांचे पाय इकडेच वळतात.

गाडीच्या मागच्या फळीवर बसून आम्ही स्नोशू बांधले. उन्हाळ्यातली पायवाट केव्हाच गाडली गेलेली. नुसत्या बुटांनी ताज्या बर्फात शिरलं तर माणूस मांडीपर्यंत रुततो. स्नोशूमुळे तेच वजन तिप्पट-चौपट जागेवर पसरतं आणि पाऊल जेमतेम वीतभर आत जातं. आजचे स्नोशू अ‍ॅल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे, चवड्याखाली पोलादी दाते असलेले. मूळ विद्या उत्तर अमेरिकेच्या आदिवासींची: ॲश झाडाच्या पट्ट्या वाफेवर वाकवून चौकट करायची आणि तिच्यात कच्च्या चामड्याच्या वाद्यांची जाळी विणायची. शेकडो मैल पसरलेल्या बर्फात शिकार करून जगलेल्या लोकांची ही कारागिरी आहे, आणि तिच्यापुढे मला नेहमी नम्र व्हायला होतं. आजच्या स्नोशूत सामान बदललंय, कल्पना त्यांचीच आहे.

चालायचे नियम थोडे. पाय किंचित फाकवून टाकायचे, मागे सरकायचं नाही, वळायचं तर बैलगाडीसारखं मोठा फेर घेऊन. पहिल्या पाव तासात मांड्या भरून येतात, मग लय सापडते.

झाडीत शिरल्यावर सशाचे ठसे दिसले. दोन छोटे मागे, दोन मोठे पुढे; मोठे ठसे मागच्या पायांचे, उडी घेताना ते पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. या सशाचं नावच स्नोशू हेअर. मागचे पंजे रुंद, केसाळ, आणि हिवाळ्यात अंगही पांढरं. वर उघड्या माळावर राहणाऱ्या टार्मिगन पक्ष्याच्याही पायांना थंडीत बोटांपर्यंत पिसं असतात.

निम्फ लेक अर्ध्या मैलावर. उन्हाळ्यात इथे पिवळी कमळं असतात, त्यांच्या त्या वेळच्या शास्त्रीय नावावरून हे नाव पडलं. आज फक्त पांढरं मैदान. पुढच्या चढावर मी काठी बर्फात खोल खुपसून बाहेर काढली आणि ओरडले, "अरे, इकडे बघ!" भोकाच्या आत निळा प्रकाश होता, विझत्या शेगडीतल्या ज्योतीसारखा. बर्फाच्या कणांवर आपटत आत जाताना उजेडातला तांबडा भाग शोषला जातो, निळा उरतो.

"टिंडल परिणाम?" त्याने विचारलं. दहावीचं पुस्तक दोघांनाही आठवत होतं. तो हा नव्हे. तिथे प्रकाश विखुरतो, इथे शोषला जातो. पण टिंडलची आठवण योग्य जागी निघाली होती, कारण आम्ही ज्या घळीत चढत होतो तिचं नाव टिंडल गॉर्ज. जॉन टिंडल, १८२० ते १८९३. हिमनद्या कशा सरकतात याचा अभ्यास करणारा, १८६१ साली आल्प्समधलं वाइसहॉर्न सर्वांत आधी चढणारा. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतात, हे १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवणारा हाच. घळीच्या माथ्यावरच्या हिमनदीलाही त्याचंच नाव आहे. जग तापलं तर हिमनद्यांचं काय होणार, हा प्रश्न ज्याच्या शोधापाशी जाऊन पोचतो त्याचं नाव एका हिमनदीला असावं, या विचाराने मी पुढच्या वाटेवर गप्पच होते.

ड्रीम लेकच्या अलीकडे, सपाटीवर, त्याने पायातला एक स्नोशू काढून त्याचंच फावडं करून खड्डा केला. वर चार बोटं भुसभुशीत थर, त्याखाली हातभर घट्ट. आणि तळाशी वेगळंच काही: जाड साखरेसारखे सुटे, चमकते दाणे. मी हातमोजा काढून मूठ वळून पाहिली. पाक न बसलेल्या रव्यासारखं. लाडू वळेचना, सगळं बोटांतून गळून गेलं.

कोलोरॅडोच्या हिवाळ्याचं सगळं भय या रवाळ थरात आहे. हंगामाच्या सुरुवातीला इथे बर्फ पातळ पडतो आणि मग निरभ्र, कडाक्याच्या रात्री येतात. जमीन शून्य अंशाच्या आसपास, वरची हवा उणे पंधरा. त्या फरकाने वाफ थरातून वर सरकत राहते आणि तळाचे कण मोठे, कोनदार, एकमेकांना न धरणारे होतात. नंतरच्या वादळांचा जड बर्फ त्यांच्यावर बसतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असला की वरची लादी अख्खी सुटून येऊ शकते. पायथ्याच्या सपाटीवरून चालणाऱ्यानेसुद्धा ती सुटते. अमेरिकेत हिमस्खलनात सर्वाधिक माणसं याच राज्यात गेली आहेत.

सकाळी कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचं पत्रक वाचलं होतं. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी. एमराल्ड अजून पाऊण मैल पुढे, १०,११० फुटांवर, आणि मधल्या वाटेच्या डोक्यावर तसलेच उतार. त्याला जायचं होतं, मलाही होतं.

"दाणे पाहिलेस ना?" मी म्हटलं.

"पाहिले." त्याने खड्डा बुजवला. "मग आज ड्रीम लेकच आपलं."

ड्रीम लेकवर वाऱ्याने बर्फ झाडून टाकला होता. खाली काचेसारखा काळा थर, त्यात पांढऱ्या भेगा आणि नाण्यांच्या चळतीसारखे गोठलेले बुडबुडे. समोर हॅलेट पीकचा बोथट कडा, १२,७१३ फुटांचा. इतक्या उंचीवर डोक्यावरची हवा विरळ असते, त्यामुळे आभाळ गडद, जांभळ्याकडे झुकणारं. पावलांखालून मधेच तळं लांबवर गडगडलं. तापमान बदललं की बर्फ आकसतो, फुगतो, त्याचा हा आवाज. माणसाने चालायला चार इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा म्हणतात. भेगांची खोली पाहिली, थर त्याहून बराच जाड होता. तरी आम्ही काठाकाठानेच गेलो.

त्या थराखाली ट्राउट मासे जिवंत होते. पाणी चार अंशांना सर्वांत जड होतं आणि तळाशी जातं. त्याहून गार झालेलं हलकं होऊन वर राहतं आणि तेच गोठतं. म्हणून तळं वरून झाकलं जातं आणि बुडाशी चार अंशांचं पाणी उरतं.

खडकाच्या आडोशाला बसून आम्ही पोळ्या मोडून खाल्ल्या; तूप गोठून वर पांढरं झालं होतं. वारा डोंगरधारेवरून बर्फाचे लोट उडवत होता. मी बाटली बाहेर काढली. झाकण सहज फिरलं. बाटली सुलटी केली तशी बुडाशी धरलेली बर्फाची चकती सुटली आणि हलकेच तरंगत वर आली.