करवंटीतला डास आणि आठवड्याचा एक तास



ऐन भातलावणीत घरातला कर्ता माणूस तापाने अंथरुणाला खिळला म्हणजे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तरवा वाढत राहतो, मजूर दुसऱ्याच्या शेतावर निघून जातात आणि हंगाम हातचा जातो. पाडेल्याला चिकुनगुन्या झाला तर त्याचे सांधे कधी कधी महिनोन् महिने धरलेले राहतात. मग माडावर चढायचं कोणी?

डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे दोन्ही ताप पसरवणारा डास आपल्या किनारपट्टीवर चांगलाच मुरला आहे. तुम्ही म्हणाल, सगळीकडे खाचरं, ओहोळ, चिखल. एवढ्या पाण्यातला डास मारायचा कसा? पण हा डास खाचरात होत नाही आणि वाहत्या पाण्यातही होत नाही. तो होतो आपल्या अंगणातल्या पिंपात आणि आगरात पडलेल्या करवंटीत. म्हणून त्याचा बंदोबस्त आपल्या हातात आहे.

डास ओळखा

हा डास काळा, लहानसा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. याच्या दोन जाती आपल्याकडे आहेत. पहिली एडिस इजिप्ती. ही घराच्या आसऱ्याने राहते. टांगलेले कपडे, खाटेखालचा अंधार, माळ्याचा कोपरा इथे बसते. दुसरी एडिस अल्बोपिक्टस. हिच्या पाठीवर मधोमध एक पांढरी रेघ असते. ही आगरात, झाडीत राहते आणि शिंपणं करताना, सुपारी गोळा करताना आपल्याला चावते.

दोघीही दिवसा चावतात, त्यातही सकाळी उन्हं वर येताना आणि संध्याकाळी दिवस मावळण्याआधी जास्त. म्हणून फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. चावते ती मादी. नर फुलांतला आणि झाडांचा गोड रस पितो.

हे पाहुणे आले कसे?

एडिस इजिप्ती मूळची आफ्रिकेतली. जुन्या काळी जहाजांवर पिण्याच्या पाण्याची पिंपं असत. त्यांतून ही जात बंदरोबंदरी पोचली आणि जगभर पसरली. अल्बोपिक्टस आशियातलीच. ती 1979 साली युरोपात आल्बेनियात आढळली आणि 1985 साली अमेरिकेत टेक्सास राज्यात तिने बस्तान बसवल्याचं दिसलं. अमेरिकेत ती गेली आशियातून आलेल्या जुन्या टायरांतून. म्हणजे हा डास स्वतः फार लांब उडत नाही. बहुधा दोनशे-चारशे मीटरच्या आतच राहतो. लांबचा प्रवास तो माणसाच्या सामानातून करतो. जुने टायर, वापरलेली पिंपं बाहेरगावाहून आणाल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

आपली हवा त्याला का मानवते?

घाटावर थंडीचा कडाका पडतो, उन्हाळ्यात हवा कोरडी होते, तेव्हा डासांचा जोर कमी होतो. किनाऱ्यावर ना कडाक्याची थंडी, ना कोरडी हवा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी जागोजागी साठतं. पाऊस सरला की टंचाई येते आणि आपण पिंपं, रांजण, सिमेंटच्या टाक्या भरून ठेवतो. थोडक्यात, बारा महिने त्याला पाळणा तयार असतो.

अंड्यांची खोड

ही गोष्ट नीट समजून घ्या. मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला ती चिकटवते. एका खेपेला सुमारे शंभर अंडी घालते. अंडी बारीक आणि काळी असल्याने डोळ्यांत भरत नाहीत. पाणी आटलं तरी ती मरत नाहीत. कोरड्या कडेला कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी चढलं की अळ्या बाहेर पडतात आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नुसतं पाणी ओतून चालत नाही. भांडं घासलंच पाहिजे. दोन, हे काम आठवड्यातून एकदा झालं तर अळीचा डास व्हायला वेळच मिळत नाही.

आगरात कुठे शोधाल?

1. माडाखाली : करवंट्या, शहाळ्यांची टरफलं, उंदरांनी पोखरलेले आणि वानरांनी भोक पाडून टाकलेले नारळ. यांत पावसाचं पाणी साठतं. एकत्र गोळा करा, फोडा, सरपणाला किंवा खताला लावा. तोवर पालथे घाला.
2. पोफळीखाली : गळलेल्या विऱ्या होडीसारख्या पाणी धरतात. उचलून आडोशाला कोरड्यात रचा.
3. आंब्याच्या कलमांत : फवारणीसाठी नेलेली दोनशे लिटरची पिंपं मोसम संपला की तिथेच उघडी राहतात. रिकामी करा, आडवी पाडा, तोंड बंद करा.
4. बांबूच्या बेटात : बांबू तोडताना पेराच्या अगदी वर कापा. खाली पेला उरला की पाणी साठतं. जुन्या झाडांच्या ढोलीत माती-वाळू भरा.
5. रबराच्या बागेत : दोडामार्ग भागात रबराची लागवड आहे. चीक काढणं बंद असेल तेव्हा झाडाला बांधलेल्या वाट्या उलट्या करा.
6. घराभोवती : गुरांची डोण, कोंबड्यांचं भांडं, तुंबलेली पन्हळ, ताडपत्रीच्या घड्या, कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे.
7. किनाऱ्यावर : मासेमारी बंदीच्या काळात ओढून ठेवलेल्या होड्या आणि त्यांच्या कडेला बांधलेले टायर. होडीतलं पाणी उपसा, टायरांना खालून भोकं पाडा.

आठवड्याचा एक तास

वाडीने मिळून एक वार ठरवा. बाजाराचा दिवस सोडून कोणताही चालेल. त्या दिवशी प्रत्येक घराने साठवणीचं भांडं रिकामं करायचं, नारळाच्या सोडणाने आतून, विशेषतः वरच्या कडेला, खसखसून घासायचं, धुऊन उन्हात कोरडं करायचं आणि मग भरायचं. अळ्यांचं पाणी गटारात न ओतता तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओता. भरलेल्या भांड्यावर घट्ट झाकण किंवा जाड कापड बांधा. संडासाच्या टाकीच्या नळीला बारीक जाळी बांधा.

एकट्याने करून भागणार नाही. शेजारच्या आगरात एक टायर भरलेला राहिला तर त्यातला डास तुमच्या ओटीवर सहज येतो. ज्यांची घरं बंद असतात, चाकरमानी मुंबईला असतात, त्यांच्या परसात कोणी बघायचं तेही वाडीच्या बैठकीत ठरवून टाका.

रिकामं न होणाऱ्या पाण्यात मासे

वापरात नसलेली विहीर, मोठी टाकी, हौद यांत गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. मात्र दोन पथ्यं पाळा. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की मासे मरू शकतात. नंतर पाहून पुन्हा सोडा. दुसरं, गप्पी मूळचा आपल्याकडचा नाही. त्याला ओहोळात, नदीत सोडू नका. तिथल्या आपल्या माशांना तो त्रासदायक ठरतो.

फवारणीचं काय?

धुराची फवारणी झाली की लोकांना बरं वाटतं. त्याने त्या वेळी उडणारे डास मरतात, पण अळ्या आणि अंडी तशीच राहतात. साथ पेटली असताना तिचा उपयोग आहे. रोजच्या बंदोबस्ताला नाही. पाण्यात टाकायचं अळीनाशक आरोग्य सेवक मापाने टाकतात, ते त्यांच्याकडूनच घ्या. पिकावरचं कीटकनाशक घरातल्या पिंपात किंवा हौदात कधीही टाकू नका. डास राहील बाजूला, माणसाच्या आणि गुरांच्या जिवावर बेतेल.

ताप आला तर

एकाएकी जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं, पुरळ, सांधे धरणं ही लक्षणं दिसली तर आशाताईंना कळवा आणि रक्त तपासून घ्या. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तीही सांगितलेल्या मापात. पेज, ताक, शहाळ्याचं पाणी भरपूर द्या. आजाऱ्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याला चावलेला डास पुढे आजार पसरवतो.

डेंग्यूत ताप उतरला की गडी बरा झाला असं समजून कामाला जुंपू नका. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, गुंगी येणं यांतलं काहीही दिसलं तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठा.

लक्षात ठेवा

- आठवड्यातून एक दिवस, सगळ्या वाडीने मिळून.
- ओता, घासा, वाळवा, झाका.
- करवंटी पालथी, विरी आडोशाला, टायर भोकाचा.
- औषधापेक्षा सोडण बरं!

पावसाच्या आधी, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आगराची पहिली झाडाझडती घ्या. कोरड्या कडांना चिकटलेली अंडी त्या वेळी पहिल्या सरीचीच वाट पाहत असतात.